आठ मोटारींची बंडी

आमच्या पांदणीतून, म्हणजे शेताकडच्या वाटेनं, दिवसाला किती बैलबंड्या जातात हे सरकारच्या एका कागदावर लिहिलेलं आहे. तेवढ्या बंड्या आमच्या गावात माझ्या आजाच्या काळातही नव्हत्या. आता सगळ्या मिळून पाच उरल्या, त्यातल्या एकीला चाक नाही. तरी कागद खोटा नाही. बंड्या गेल्या होत्या. फक्त त्यातल्या बहुतेक माझ्या होत्या, आणि माझ्याकडे बंडी एकच आहे.

हे कसं झालं ते मीच लिहितो. गावात जो तो आपल्या परीनं सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी आणखी थोडा येडा होतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, आता बैल राख. तेव्हा लिहिण्यात चुका असतील, खोटं नसेल. खोटं करायचं ते आधीच करून झालं, त्याचंच तर सांगतो आहे.

आधी शहराचं. चंद्रपूर आमच्यापासून तीन कोस होतं. आता दीड कोसही राहिलं नाही. आम्ही जागेवरच आहो, शहर चालत येऊन राह्यलं. रस्ता मात्र तोच जुना. त्यावरून कोळशाचे ट्रक, सिमेंटचे ट्रक, गडचिरोलीकडून येणारे लाल दगडाचे ट्रक, मधून कॉलेजच्या पोरी स्कूटीवर, आणि एखादी म्हैस, तिला कोणाचीच घाई नाही. सकाळी मेथी घेऊन बाजाराला निघालेला माणूस चौकात अडकला की पोचेपर्यंत मेथीला पाणी मारून मारून त्याची बाटली संपते. मी एकदा टमटममध्ये बसलो आणि एवढा वेळ अडकलो की शेजारच्या बाईच्या सुनेचं सगळं बाळंतपण ऐकून झालं, बारसंही झालं, तरी चौक आला नव्हता.

तर सरकारनं ठरवलं, शहराच्या बाहेरून मोठा रस्ता न्यायचा. ट्रक शहरात शिरणारच नाहीत, बाहेरून बाहेर जातील. गावात सभा झाली, शाळेच्या वऱ्हांड्यात. साहेब पोरगेलासा, चष्मेवाला, बोलायला गोड. भिंतीवर चादर लावली आणि तिच्यावर नकाशा पाडला.

"हे पिवळं म्हणजे आजची गर्दी," साहेब म्हणाले. "हे लाल म्हणजे पुढच्या तीस वर्षांची."

मी म्हटलं, "साहेब, तीस वर्षांनी मी नाई राहीन. माझी गर्दी कमी करून टाका."

लोक हसले. साहेबही हसले. मग मी विचारलं, "यात मी कुठी हाव ते तं दाखवा."

"बाबा, यात माणसं दाखवत नाहीत. वाहनं दाखवतात."

मग त्यांनी एक निळी रेघ दाखवली. ती रेघ आमच्या गावाला घासून जात होती. अलीकडे घरं, पलीकडे सगळी शेतं. रस्ता दोन माणसं उंच भरावावर, दोन्हीकडून पत्र्याचा कठडा. ओलांडायचा असेल तर पुढच्या गावाजवळ खालून वाट आहे, दोन कोस जा आणि दोन कोस परत या. माझं हसणं तिथंच थांबलं.

कारण माझी बुढी त्या रेघेच्या पलीकडे आहे.

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. लोक सांगतात की ट्रकच्या गर्दीत दवाखान्याची गाडी अडकली म्हणून गेली. खोटं आहे. घरीच गेली, झोपेत, मला न सांगता. जन्मभर पान खायला जायचं तरी सांगून जायची, आणि हे एवढं मोठं जायचं तेव्हा सांगितलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. तिला माती दिली ती आमच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली. तिनंच सांगून ठेवलं होतं. "मले गावच्या मसणात नोका नेऊ. तिथी तुमची माय हाये. तिच्यासंगं एका घरात चाळीस वर्षं काढली, आता आणखी नाई." माझी आई तिच्याआधी सहा वर्षं गेली होती, तरी हिची धास्ती गेली नव्हती.

मी रोज सकाळी तिथं जातो. रडायला जात नाही. बसतो, बिडी ओढतो, गावात काय झालं ते सांगतो. जिवंत होती तेव्हा बातम्या ती सांगायची आणि मी ऐकायचो नाही. आता मी सांगतो आणि ती ऐकत नाही. बरोबरी झाली. पण गुडघे माझे असे की घरून शेत, एवढीच त्यांची झेप. चार कोसांचा वळसा पडला असता तर माझं जाणं संपलं असतं, आणि हे माझ्याशिवाय कोणाला कळायचं कारण नव्हतं.

सभेत सरपंचबाईनं विचारलं, "साहेब, आमच्या पांदणीवर खालून वाट देऊन टाका ना."

"देता येते," साहेब म्हणाले, "पण तिथून जाणंयेणं किती आहे त्यावर ठरतं. तीन दिवस मोजणी होईल. आकडा बसला तर वाट मिळेल."

आता दिवस होते चैताचे. धान निघून महिने झालेले, बांध्या सगळ्या उघड्या, शेतात काळं कुत्रं नाही. पावसाळ्यात धानाच्या रोवणीत मोजलं असतं तर आकडा आपोआप बसला असता. सरकारला मोजायची आठवण नेमकी उन्हाळ्यात आली.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाईनं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्हाला जमवलं. "भाऊ, खरं सांगा, आजच्या घडीला आपल्या पांदणीनं दिवसाला कोण कोण जाते?"

"मी," मी म्हटलं.

"अन्?"

"अन् बकऱ्या."

"बकऱ्या मोजतात का जी?"

कोणाला माहीत नव्हतं. मग बाईनं जे सांगितलं ते साधं होतं. "असं करा. जो जाईल त्यानं वापस यावं, अन् जो वापस येईल त्यानं पुन्हा जावं. कोणी विचारलं तं म्हणा, शेतात काम हाये."

"काय काम?" एकानं विचारलं.

"तुले काम सांगाले मी तुझी सासू हाव का?"

मोजणीला एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेरची, वडशाची. प्लास्टिकची खुर्ची, मोठी छत्री, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. बंडी गेली की बंडीच्या रकान्यात एक उभी काडी. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. सायकलचा रकाना वेगळा, फटफटीचा वेगळा, पायी जाणाऱ्याचा वेगळा. ही बाई आधी झाडीपट्टीच्या नाटकात होती, थंडीत आमच्याकडे गावोगाव रात्रभर चालतात त्या. आधी नायिका, मग नायिकेची मोठी बहीण, मग आई. आजीचं काम द्यायला लागले तेव्हा सोडलं, असं तिनंच मला सांगितलं.

पहिल्या दिवशी सगळा गाव पांदणीत. ट्रॅक्टर, सायकली, डोक्यावर रिकामे हारे घेऊन बाया, जत्राच म्हणा. दुपारी ऊन असं चढलं की डोळे उघडवेनात. आमच्याकडचं ऊन ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धे लोक आले, दुपारी एकही नाही. ज्याला त्याला पंखा आठवला. राहिलो मी. मला तर जाणं भागच होतं.

मी बंडी जुंपली आणि लागलो. एकदा तणीस, धानाचा वाळला पेंढा, भरून नेली. येताना तीच तणीस आणली. मग शेणखत नेलं. शेतात उतरवायचं नव्हतंच, तेच शेणखत फिरवून आणलं. एका फेरीला डोक्याला दुपट्टा, एका फेरीला टोपी, एका फेरीला जावयाचा विसरलेला काळा गॉगल. गॉगल लावून बंडी हाकताना मला बैलांची शिंगंच दिसेनात, नाल्यात जाता जाता वाचलो. नाला तेव्हा कोरडा होता म्हणून, नाहीतर गेलोच होतो.

पाचव्या की सहाव्या फेरीला बाईनं हात करून थांबवलं.

"भाऊ, पाणी प्याले का?"

"प्यालो."

"बैलाईले पाजलं?"

बैलांना पाजायचं खरंच राहिलं होतं.

"पाजा. डाव्या बैलाची जीभ बाहेर आली. अन् आता जे घेऊन चालले ते शेणखत हाये ना? सकाळपासून चौथ्यांदा पाहून राह्यली मी. वाळलं बिचारं."

मी म्हटलं, "बाई, ते दुसरं हाये."

"भाऊ, पंधरा वर्षं मी पडद्याआड कपडे बदलले. एका रात्रीत विधवा झाली, सुवासिनी झाली, पुन्हा विधवा झाली. माह्यासमोर टोपी बदलून होत नाई."

"मंग काड्या नाई मारल्या का?"

"मारल्या. मले सांगतलं, जे जाईल ते मोज. कोण जाते ते विचार असं नाई सांगतलं." असं म्हणून तिनं माझ्यासमोर एक उभी काडी मारली. "जा. अन् येतानी सावलीतून या."

तिसऱ्या दिवशी बैलांनी संप केला. एक बसला तो उठेना, दुसरा त्याच्याकडे पाहून बसला. मग पायीचा रकाना उरला. पायी मी चार चकरा मारल्या. पण रिकाम्या पांदणीत तोच बुढा चार वेळा, मलाच कसंसं वाटलं. घरी आलो आणि बुढीची पेटी उघडली. तेरवी झाल्यापासून उघडली नव्हती. वरच तिचं हिरवं लुगडं होतं. पदराच्या टोकाला गाठ, गाठीत गुडाखूची डबी. ती गुडाखू, तंबाखूची मिसरी, घासायची दातांना, तिचा तो उग्र वास लुगडंभर. मी डबी उघडून पाहिली. बोटाची खूण होती तिच्यात. तिथं मी किती वेळ बसलो ते माहीत नाही, पण मोजणी संध्याकाळी सहाला बंद होणार होती, म्हणून उठलो आणि लुगडं नेसलो.

डोक्यावर काटक्यांची मोळी, पदर तोंडावर, आणि निघालो. बाईनं मान वर केली. खाली घातली. पुन्हा वर केली.

"मावशी," ती म्हणाली, "पदर नीट घ्या. मिशी दिसून राह्यली."

मी पदर ओढला.

"अन् बाया एवढ्या धपधप पाय आपटत नाई चालत. पाटलाच्या अंगात देवी आल्यावानी दिसून राह्यले."

"काडी मारता का नाई ते सांगा."

"मारली जी. पायी गेलं कोणीतरी. बाई का माणूस, रकाना नाई."

एवढं झालं. मोजणी संपली, बाई गेली, रोवणी झाली, पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास साहेब पुन्हा आले. पुन्हा चादर, पुन्हा नकाशा. निळी रेघ होतीच, पण आमच्या गावापाशी आता तिला वळसे पडले होते. इकडून एक वर चढणारा, तिकडून एक खाली उतरणारा, मधे गोल. वरून पाहिलं तर जिलबी.

साहेब फार खुशीत होते. "तुमच्या पांदणीवरची रहदारी आमच्या अंदाजापेक्षा खूपच जास्त निघाली. इथे साधी वाट देऊन भागणार नाही. मोठा पूल, चढ-उतार, सगळं द्यावं लागेल."

सरपंचबाईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आनंद आणि भीती दोन्ही एकाच वेळी. "साहेब, एवढी कशी जी निघाली?"

मग साहेबांनी समजावलं. रहदारी मोजताना प्रत्येक वाहन मोटारीच्या मापानं धरतात. ट्रक म्हणजे तीन मोटारी. आणि बैलबंडी? ती हळू चालते, रस्ता अडवून धरते, म्हणून एक बंडी म्हणजे आठ मोटारी.

वऱ्हांड्यात सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी वर छताकडे पाहिलं, तिथं पाल होती. चार-पाचशे मोटारींचं शहर मी एकटा तणीस भरून इकडून तिकडे फिरवत होतो, आणि मला वाटत होतं मी बैल हाकतो आहे. घरी गेल्यावर बैलांना आधी कुटार टाकलं, मग त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. एकेक बैल चार मोटारींचा. शेपटी हलवून माश्या मारून राह्यले होते.

पण त्याआधी, नकाशाजवळ जाऊन मी बोटानं शोधलं. नाला सापडला. नाल्यावरून धुरा सापडला. मोह त्या जिलबीच्या मधल्या गोलात होता.

गाव खूश. एक जण म्हणाला मी चहाचं दुकान टाकतो, दुसरा म्हणाला मी पंक्चरचं टाकतो, तिसरा म्हणाला दोघांच्या मधे मी टाकतो. सरपंचबाई माझ्या घरी आली. खाटेवर बसली.

"भाऊ, तुमचं शेत चाललं, हे खरं हाये. पण सरकार दुसरं देईल."

"शेत देईल. बुढी कुठून देईल?"

"बाईले आपण उचलून नेऊ जी. नीट विधी करू, भटजी आणू."

"नेऊ कुठी? मसणात? तिथी माझी माय हाये."

तिला हसू आलं, तिनं दाबलं. "भाऊ, मेल्यावर कोण भांडते?"

"तुले माह्या बायकोचं माहीत नाई. जित्तेपणी तिले एका पाटावरून दुसऱ्या पाटावर बसवलं तरी दोन दिवस बोलत नव्हती."

"तं मंग काय करता? साऱ्या गावाच्या आड येता?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. बोललो तर लबाडी उघडी पडणार, आणि साधी वाट होती तीही जाणार. नाही बोललो तर बुढीच्या अंगावरून ट्रक. दोन दिवस मी शेतात गेलो आणि तिला यातलं काहीच सांगितलं नाही. बाकी बातम्या सांगितल्या, ही नाही.

हरकती ऐकायचा दिवस आला. साहेब टेबलामागे, शेजारी ती मोजणीवाली बाई फायली घेऊन बसलेली. साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत आहे का?"

मी उठलो. मागून कोणीतरी दुपट्टा ओढला, "बसा ना जी भाऊ!" दुपट्टा त्याच्या हातात राहिला, मी पुढं गेलो.

"साहेब, ती गर्दी म्हणजे मी."

साहेब गोड हसले. "बाबा, गर्दी म्हणजे एक माणूस नसतो."

"आमच्या इथी असते."

त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. मी तणशीचं सांगितलं, शेणखताचं सांगितलं, गॉगलचं सांगितलं. ते मान हलवत राहिले, जशी घरच्या लहान पोराशी हलवतात. "तीन दिवसांची मोजणी आहे बाबा. रीतसर आहे. पायी जाणाऱ्या स्त्रियाही होत्या, गावच्या लोकांनीच सांगितलं मला."

आता काय करणार. मी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. तिथंच, सगळ्यांसमोर, धोतरावरून गुंडाळलं, पदर तोंडावर घेतला, साहेबांच्या टेबलावरचा फायलींचा गठ्ठा उचलून डोक्यावर ठेवला आणि वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. आणि परत आलो.

कोणी हसलं नाही. मग ती बाई हसली. नाटकात हसतात तसं नाही, नाकातून फुसकन. मग सगळा वऱ्हांडा हसला. सरपंचबाई तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि बाईंना विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं हाये साहेब. जे गेलं ते मी लिहिलं. तोच माणूस पुन्हा गेला, असा रकाना कागदात नाई."

"पण तुम्ही सांगायचं तरी!"

"कोणी विचारलं नाई साहेब."

साहेब मग माझ्याकडे वळले. जरा चिडले होते. "बाबा, आधी खोटं केलं, आता स्वतःच सांगता. का?"

मी अजून लुगड्यातच होतो. म्हटलं, "साहेब, हे लुगडं जिचं हाये, ती तुमच्या जिलबीच्या मधात निजली हाये. मले तिच्याकडे जाले वाट पायजे होती. तिच्यावरून रस्ता नव्हता पायजे."

वऱ्हांडा गप्प झाला. मला तो गप्पपणा आवडला नाही, म्हणून मी लुगडं काढलं, घडी केली आणि घरी निघून गेलो. दुपट्टा त्या माणसाकडेच राहिला, त्यानं आजपर्यंत दिला नाही.

गाव माझ्यावर नाराज झालं. बुढ्यानं पूल खाल्ला म्हणाले. पंक्चरवाला तर माझ्या तोंडावर म्हणाला. सरपंचबाई पंधरा दिवस बोलली नाही, मग घरी भाजी पाठवली, पण तिच्यात मीठ नव्हतं. मुद्दाम असावं.

साहेब मात्र धान निघाल्यावर, रिकाम्या दिवसांत, स्वतः आले, एकटे, मोजायला. खुर्चीवर बसले, छत्री उघडली. सकाळी मी गेलो. त्यांनी एक काडी मारली. दुपारी मी आलो. दुसरी काडी. मधे बकऱ्या गेल्या, त्यांनी पेन उचललं आणि ठेवून दिलं. दुपारनंतर ते माझ्याजवळ आले.

"बाबा, पूल रद्द झाला समजा. पण नियमानं इथे दुसरंही काही बसत नाही. दोन काड्यांवर वाट देता येत नाही मला."

मला जी भीती होती तीच. बुढी वाचली, पण माझ्यापासून दूर गेली. ते म्हणाले, "चला, शेत तरी दाखवा."

आम्ही चालत गेलो. ते बूट घालून ढेकळांवरून अडखळत होते, मी गुडघ्यांमुळे. जोडी चांगली जमली. धुऱ्यावर मी त्यांना जागा दाखवली. त्यांनी बूट काढले. मी सांगितलं नव्हतं. मग ते मोहाखाली उभे राहून इकडंतिकडं पाहत होते, आणि त्यांची नजर नाल्यावर गेली.

"याला पाणी किती येतं पावसाळ्यात?"

"कंबरेएवढं. कधी जास्त. भाद्रपदापर्यंत राहते, मंग आटते."

ते नाल्यात उतरले. वाकून या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. नाला गावाकडून येतो आणि आमच्या शेताच्या बाजूनं जातो, रस्त्याच्या रेघेला आडवा.

"भराव टाकला तर हे पाणी अडेल," ते स्वतःशीच म्हणाले. "मोरी तर द्यावीच लागेल."

"मोजणी करा लागते का त्याची?"

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही. पाण्याला मोजणी लागत नाही. पाणी आलं की वाट द्यावीच लागते."

"केवढी?"

"तुमची बंडी केवढी आहे?"

मी हात पसरून दाखवला. मग वर हात करून दाखवलं, माझ्या डोक्याच्या वर एक वीत. तणीस भरलेली बंडी म्हटल्यावर आणखी वर. ते हसले. "तणीस नको आता बाबा. पुरे झाली ती." खिशातून लहान वही काढली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की नियमात जातात.

रस्ता व्हायला तीन वर्षं लागली. भराव आला, पत्र्याचा कठडा आला, आणि नाल्यावर मोरी आली. मोरी म्हणायची, पण आत बंडी जाते. डोकं वाकवायला लागत नाही. गावच्या सगळ्यांची ती वाट झाली, पंक्चरवालाही त्यातूनच शेतात जातो आणि मला पाहून दुसरीकडे पाहतो. सरपंचबाई म्हणते, वाट मीच आणली. म्हणू दे. पहिल्या दिवशी बैल आत जायला तयार नव्हते, अंधार आणि वरती धडधड. मी पुढं होऊन शिट्टी मारत चाललो, तेव्हा आले. पावसाळ्यात मात्र दोन-अडीच महिने पाणी असतं. तेव्हा नाही जाता येत. ते तिला मी आधीच सांगून ठेवलं आहे. रागावली असेल. ऐन पावसात मलाही करमत नाही, मग उगाच मोरीच्या तोंडाशी जाऊन पाणी किती उतरलं ते पाहून येतो, दिवसातून दोनदा, तीनदा. कोणी मोजत नाही.

शहर काही थांबलं नाही. आता तर भरावाच्या पलीकडेही प्लॉट पडले, खांब उभे राहिले. ज्या गर्दीसाठी हा रस्ता केला ती गर्दी रस्त्यावर येऊन बसली. परवा सकाळी मी शेतातून येत होतो तर वरती ट्रकांची रांग, डोळ्याला शेवट दिसेना. पुढं कुठं तरी एक उलटला होता म्हणे. ड्रायव्हर खाली उतरून कठड्याला टेकून तंबाखू मळत होता, बाहेरगावचा होता. मी मोरीतून बंडी बाहेर काढली तसं त्यानं वाकून खाली पाहिलं.

"अरे बाबा! नीचे से रास्ता है क्या?"

"है."

"कहाँ निकलता है?"

मी बैल थांबवले. माझी हिंदी थोडी, पण एवढी येते. "मेरी बाई के पास निकलता है."

त्याला काय समजलं देव जाणे. तो रांगेकडे पाहून म्हणाला, "उधर से नागपूर जा सकते हैं?"

"नहीं जा सकते," मी म्हटलं. "उतनाच है रास्ता."

आणि बैल हाकले.